असलेच तर?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढे आलं. ही काही विधानसभेची निवडणूक नव्हे. दीडेकशे सभासद, त्यातले साठ-सत्तर सभेला आलेले. निवड बिनविरोधच व्हायची होती. एवढ्यात एक वडीलधारे सभासद उठले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अगदी सौम्य आवाजात ते म्हणाले, "भाईंबद्दल काही म्हणणं नाही. माणूस उत्तमच आहे. फक्त दसऱ्याला आपल्याकडे सरस्वतीपूजन असतं, ते अध्यक्षांच्या हस्ते होतं. ते यांना चालेल का, एवढंच विचारायचं होतं."

सभेत एकदम शांतता पसरली. मी काही बोलणार, तोच माझे जुने मित्र, निवृत्त शिक्षक, उठून उभे राहिले. त्यांना आपण गुरुजी म्हणू. गुरुजी म्हणाले, "अहो अण्णा, काय विचारताय! भाई नावाचेच मुसलमान आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या पाठ आहेत त्यांना. तुम्हाला येतात का सांगा!" हशा पिकला, टाळ्या पडल्या, माझी निवड झाली आणि चहा-चिवडा आला.

रात्री घरी हे सगळं सांगितलं. पत्नी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" म्हटलं, "काही नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "नावाचेच?" आणि पुन्हा तव्याकडे वळली.

मी रमजानचे सगळे रोजे ठेवतो. जुम्याची नमाज सहसा चुकवत नाही. गुरुजींना हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची पहिली वाटी त्यांचीच असते. त्यांनी मला त्या सभेत वाचवलं, हे खरं. पण कशापासून वाचवलं, हा प्रश्न मला चार वर्षं पुरला आहे.

या चार वर्षांत मी एक नाद लावून घेतला. उमेदवाराच्या धर्माविषयी मतदारांच्या मनात शंका आली, की उमेदवार काय बोलतो, याचे दाखले वाचायचे. आपल्याकडे असा प्रश्न बहुधा कुजबुजीत विचारला जातो आणि उत्तरही कुजबुजीतच दिलं जातं. त्यामुळे हाती फारसं लागत नाही. अमेरिकेत मात्र उमेदवार सरळ व्यासपीठावर उभा राहून या एकाच विषयावर भाषण देतो. अशा भाषणांना तिथं जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं तेव्हा अमेरिकेची राज्यघटना आम्ही परीक्षेपुरती वाचली होती. आता ती भाषणं पुतण्याच्या मोबाइलवर ऐकली.

अमेरिकेच्या घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे, की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही. ही घटना १७८७ची. म्हणजे कायदा उमेदवाराला धर्म विचारत नाही. पण मतदाराला कोण अडवणार? १८०० साली थॉमस जेफरसन उभे राहिले, तेव्हा हा नास्तिक निवडून आला तर तुमची बायबलं जप्त होतील, असा प्रचार झाला. जेफरसन यांनी जाहीर उत्तर दिलंच नाही. ते निवडून आले आणि बायबलं होती तिथंच राहिली. उत्तर न देणं हेही एक उत्तर असतं, पण ते सगळ्यांना परवडत नाही.

अल् स्मिथला ते परवडलं नाही. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेला, मासळीबाजारात काम केलेला हा माणूस पुढे चार वेळा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षानं त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. एखाद्या मोठ्या पक्षानं कॅथलिक माणूस उभा करण्याची ही पहिली वेळ. त्याच्या आदल्या वर्षीच 'अटलांटिक मंथली' मासिकात एका वकिलानं त्याला खुलं पत्र लिहिलं होतं. पोपच्या अमुक आदेशपत्रात असं म्हटलं आहे, तमुक आदेशपत्रात तसं. मग तुम्ही घटना पाळणार की पोपची आज्ञा? किस्सा असा सांगतात, की स्मिथनं ते पत्र वाचून आपल्या माणसांना विचारलं, "हे आदेशपत्र म्हणजे काय असतं बुवा?" मला हा किस्सा फार आवडतो. जन्मभर रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या माणसाला आपल्याच धर्मातली ही कागदपत्रं ठाऊक नव्हती, आणि विरोधकानं मात्र ती पाठ केली होती. मला कुणी अरबी शब्दांचे अर्थ विचारून अडवतं, तेव्हा मला स्मिथ आठवतो.

त्यानं पुढच्याच अंकात उत्तर दिलं. आपण एकोणीस वेळा सरकारी पदाची शपथ घेतली आहे, आणि ती पाळताना धर्म कधी आडवा आला नाही, असं त्यानं लिहिलं. उत्तर चांगलं होतं. पण त्याचा उपयोग झाला नाही. प्रचारासाठी त्याची आगगाडी ओक्लाहोमात शिरली, तेव्हा रुळांच्या कडेला कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी क्रूस पेटवून ठेवले होते. न्यूयॉर्कमध्ये नदीखालून नुकताच एक बोगदा झाला होता. तो थेट व्हॅटिकनला जातो, असाही प्रचार झाला. स्मिथ अठ्ठेचाळीसपैकी फक्त आठ राज्यं जिंकू शकला. धर्मामुळेच तो हरला असं म्हणणं बरोबर होणार नाही. देशात तेजी होती आणि दारूबंदीला त्याचा विरोध होता. पण पुढची तीस वर्षं कॅथलिक माणसाला उभं करायचा धीर कुणाला झाला नाही.

१९६० साली तो धीर जॉन केनेडींनी केला. मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पक्षांतर्गत निवडणूक झाली. तिथली वस्ती जवळजवळ सगळी प्रॉटेस्टंट. केनेडी तिथं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. मी नौदलात भरती झालो तेव्हा माझा धर्म कुणी विचारला नाही; माझा भाऊ महायुद्धात शेवटच्या उड्डाणासाठी विमानात चढला, तेव्हा तू कॅथलिक आहेस का, असं त्याला कुणी विचारलं नाही. तो भाऊ परत आला नव्हता. केनेडी ती निवडणूक मोठ्या फरकानं जिंकले.

तरी शंका संपल्या नाहीत. ७ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांची एक बैठक झाली आणि कॅथलिक राष्ट्राध्यक्ष चर्चच्या दबावापासून मुक्त राहू शकेल का, याबद्दल तिथं उघड शंका घेतली गेली. या बैठकीत पुढे होते नॉर्मन व्हिन्सेंट पील. सकारात्मक विचारांची शक्ती सांगणारं त्यांचं पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. आमच्या वाचनालयात तर ते सतत कुणाकडे तरी गेलेलं असतं. त्या वेळी मात्र पीलसाहेबांचे विचार फारसे सकारात्मक नव्हते. पुढे त्यांना त्याचा त्रासही झाला आणि त्यांनी त्या गटातून अंग काढून घेतलं.

पाच दिवसांनी, १२ सप्टेंबर १९६० रोजी, केनेडी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात राइस हॉटेलमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेपुढे उभे राहिले. म्हणजे ज्यांना शंका होती त्यांच्याच घरात. सगळा कार्यक्रम टेक्सासमध्ये दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. मी तो पाहिला तेव्हा प्रथम जाणवला तो त्यांचा आवाज. विनोद नाही, लाघव नाही. जरा घट्ट, कोरडा आवाज. मुलाखतीला बसलेल्या माणसाचा असतो तसा.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. मी कॅथलिकांचा उमेदवार नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिक आहे. धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची पूर्ण फारकत मी मानतो. संततिनियमन, घटस्फोट, जुगार, कोणताही विषय आला तरी देशहित पाहून आणि माझ्या सदसद्विवेकाला विचारून निर्णय घेईन, बाहेरच्या धार्मिक दबावानं नाही. आणि समजा कधी अशी वेळ आली, की एक तर विवेकाशी प्रतारणा करावी लागेल किंवा देशहिताशी, तर मी राजीनामा देईन. इथवर हे वकिलाचं उत्तर आहे, स्मिथसारखंच, फक्त जास्त रेखीव. पण पुढे ते म्हणाले, की या पदासाठी माझी मतं सोडायला मी तयार नाही, तसाच माझं चर्चही सोडायला तयार नाही. मी हरलो तर सेनेटमध्ये परत जाईन. पण चार कोटी अमेरिकन लोकांनी बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष होण्याची संधी गमावली, असं ठरलं, तर हरेल तो सगळा देश.

या भाषणात एक जागा आहे, तिच्यामागची हकिगत कवी म्हणून मला सांगावीशी वाटते. टेक्सासमध्ये अलामो नावाची गढी आहे. १८३६ साली मेक्सिकोच्या फौजेशी लढताना तिथं शे-दोनशे माणसं मेली. टेक्सासच्या माणसाला ती जागा म्हणजे आपल्याला पावनखिंड. केनेडींच्या माणसांनी ठरवलं, अलामोत किती कॅथलिक मेले तो आकडा भाषणात घालू. शोधाशोध झाली. नावं मिळाली, त्यातली काही आयरिश वळणाची, काही स्पॅनिश. पण कुणाचा धर्म कोणता, हे काही सापडेना. मग केनेडींनी तेच सांगितलं. ती नावं वाचली आणि म्हणाले, हे कॅथलिक होते की नव्हते, कुणालाच ठाऊक नाही, कारण अलामोत धर्माची कसोटी नव्हती. आकडा सापडला असता तर ते वाक्य सुचलंच नसतं.

भाषणानंतर प्रश्नोत्तरं झाली. ती भाषणापेक्षा जास्त ऐकण्यासारखी आहेत. एका धर्मोपदेशकानं विचारलं, की तुम्ही हे जे म्हणालात, ते तुमच्या कार्डिनलमार्फत व्हॅटिकनला कळवून त्यावर व्हॅटिकनची मंजुरी का घेत नाही? गंमत पाहा. प्रश्न होता, तुम्ही पोपचं ऐकणार का? उत्तर आलं, नाही. त्यावर मागणी काय, तर हे 'नाही' पोपकडून मंजूर करून आणा! केनेडी म्हणाले, सार्वजनिक कामात मी काय करावं हे सांगण्याचा अधिकार मी कोणत्याच धर्माधिकाऱ्याला देत नाही, म्हणून तशी मंजुरीही मागणार नाही. उत्तर बिनतोड होतं. पण मी मनात म्हटलं, ही परीक्षा कितीही मार्क मिळवले तरी पास होण्याची नाही. एक पेपर सोडवला की दुसरा हातात येतो.

तरीही एक गोष्ट त्या धर्मोपदेशकांच्या बाजूनं सांगायला हवी. त्यांच्यातले सगळे काही द्वेष्टे नव्हते. प्रत्येक माणसाला आपला धर्म पाळण्याचा हक्क आहे, हे कॅथलिक चर्चनं अधिकृतपणे मान्य केलं ते डिसेंबर १९६५मध्ये, म्हणजे केनेडींच्या खुनालाही दोन वर्षं झाल्यावर. तेव्हा १९६० साली कुणी विचारलं, की तुमचं चर्च काय म्हणतं, तर तो प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. फरक एवढाच, की प्रश्न पदाच्या कामाविषयी आहे की जन्माविषयी, ते पाहावं लागतं. केनेडींनी पदाच्या प्रश्नाला उत्तर दिलं आणि जन्माच्या प्रश्नाला उलट प्रश्न केला. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले, सुमारे सव्वा लाखाहूनही कमी मतांच्या फरकानं. दुसरा कॅथलिक राष्ट्राध्यक्ष यायला मग साठ वर्षं लागली. जो बायडेन २०२०मध्ये निवडून आले, आणि त्यांना कुणी ह्यूस्टनला बोलावलं नाही.

मिट रॉम्नी मॉर्मन पंथाचे. त्यांनीही ६ डिसेंबर २००७ रोजी टेक्सासमध्येच असं भाषण केलं. माझ्या धर्माचा इन्कार करणार नाही, असं ते ठामपणे म्हणाले, ते आवडलं. पण पुढे त्यांनी एकेका धर्मातलं आपल्याला काय भावतं, याची यादीच दिली. मुसलमानांची वारंवार होणारी प्रार्थना त्यांना आवडते, असं त्यात होतं. ऐकून बरं वाटलं. मात्र ज्यांचा कोणत्याच धर्मावर विश्वास नाही, त्यांना त्या यादीत जागा नव्हती. दारात रांग लागलेली असताना आपण आत शिरायचं आणि मागच्याच्या तोंडावर दार लोटायचं, अशी ही तऱ्हा मला वाटली.

आता २००८. बराक ओबामांवर आरोप होता, की ते छुपे मुसलमान आहेत. त्यांच्या नावात हुसेन होतं ना! विचित्र म्हणजे त्याच वर्षी त्यांना आपल्या चर्चच्या पाद्र्याच्या प्रवचनांबद्दलही खुलासा करावा लागला. एकीकडे मुसलमान म्हणून शंका आणि दुसरीकडे चुकीच्या पाद्र्याचा ख्रिश्चन म्हणून राग. प्रचारयंत्रणा सांगत राहिली, ते मुसलमान नाहीत, ते ख्रिश्चन आहेत. ते खरंच होतं. पण त्या 'नाहीत'चा दुसऱ्या कुणाला चटका बसतो, हे जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत दिसलं. हिजाब घातलेल्या दोन तरुणींना कार्यकर्त्यांनी व्यासपीठामागे बसू दिलं नाही. का, तर कॅमेऱ्यात दिसतील. त्या ओबामांच्याच समर्थक होत्या. ओबामांनी नंतर त्या दोघींची माफी मागितली.

ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या एका सभेत एक वृद्ध बाई ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना म्हणाल्या, मला त्यांचा भरवसा वाटत नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी त्यांच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणाले, नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, आमचे मतभेद आहेत एवढंच. आपल्याच समर्थकांच्या शिट्ट्या सोसून विरोधकाची बाजू घ्यायला छाती लागते. मॅकेन यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ते दृश्य पाहताना माझा घास अडकला. अरब आहेत का? नाही, सभ्य आहेत. म्हणजे अरब असते तर? मॅकेन यांच्या मनात तसं नसेलही. गुरुजींच्या मनात तरी कुठं होतं?

याच महिन्यात, १९ ऑक्टोबर २००८ला, कॉलिन पॉवेल दूरचित्रवाणीवर बोलले. संयुक्त सेनाप्रमुख समितीचे माजी अध्यक्ष, माजी परराष्ट्रमंत्री, आणि मॅकेन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. त्यांनी ओबामांना पाठिंबा जाहीर केला आणि मग म्हणाले, आमच्या पक्षातली वडीलधारी माणसंही बोलतात, की ओबामा मुसलमान आहेत. याचं बरोबर उत्तर आहे, की ते मुसलमान नाहीत, ख्रिश्चन आहेत. पण खरोखर योग्य उत्तर वेगळंच आहे. ते असलेच तर? या देशात मुसलमान असण्यात काही वावगं आहे का? सात वर्षांच्या एखाद्या मुसलमान अमेरिकन मुलानं आपण राष्ट्राध्यक्ष व्हावं असं मनात आणलं, तर त्यात चूक काय?

हे मी रात्री अकराच्या सुमाराला ऐकलं. मग पुतण्याला म्हटलं, पुन्हा लाव. तीनदा ऐकलं. बरोबर उत्तर आणि योग्य उत्तर यांच्यामधलं अंतर इतक्या साध्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं, आणि शब्दांचा धंदा मी तीस वर्षं करतो आहे. पॉवेल यांना हे बोलणं सोपं गेलं, कारण ते उमेदवार नव्हते. उमेदवारानं 'असलो तर?' म्हटलं असतं, तर ती कबुली ठरली असती. ते वाक्य शेजाऱ्यानंच म्हणावं लागतं.

पॉवेल यांच्या बोलण्यातही एक गोष्ट मला टोचते, ती लपवत नाही. पुढे त्यांनी एका छायाचित्राविषयी सांगितलं. सैनिकांच्या दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याच्या दगडाला डोकं टेकून बसली आहे. दगडावर क्रूस नाही, चंद्रकोर आणि तारा आहे. वीस वर्षांचा मुसलमान अमेरिकन जवान, इराकमध्ये मारला गेलेला. ते ऐकून डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. पण केनेडींनाही मेलेला भाऊ पुढे करावा लागला होता. आपल्याकडे परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद यांचं नाव असंच पुढे केलं जातं. बहुधा आम्हीच करतो. १९६५च्या त्या वीराचा मला अभिमान आहे. पण किराणा दुकान चालवणाऱ्या, ट्रकवर क्लीनर असणाऱ्या, कुठंही शहीद न झालेल्या साध्या माणसानं पुरावा म्हणून काय दाखवायचं? माझ्या बाबतीत ज्ञानेश्वरी उपयोगी पडली. ती मी पुरावा म्हणून पाठ केली नव्हती. आवडली म्हणून केली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगून मी गावाकडे परत येतो. २०२५मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी झोहरान ममदानी उभे होते. वडील महमूद ममदानी मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले. आई 'सलाम बॉम्बे'च्या दिग्दर्शिका मीरा नायर. मतदानाला दोन आठवडे असताना त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू कुओमो एका रेडिओ कार्यक्रमात बोलत होते. ११ सप्टेंबरसारखा हल्ला पुन्हा झाला तर काय होईल, असा विषय निघाला. निवेदक म्हणाला, ममदानी टाळ्या वाजवतील. आणि कुओमो हसले. कुओमो कॅथलिक, त्याच न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर. अल् स्मिथ ज्या खुर्चीवर बसत होता तीच खुर्ची.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ममदानी ब्रॉन्क्स भागातल्या एका मशिदीबाहेर उभे राहून बोलले. केनेडी शंका घेणाऱ्यांच्या घरी गेले होते. हे आपल्या घराच्या अंगणात उभे राहिले. यात घटना नाही, फारकत नाही, शपथा नाहीत. ११ सप्टेंबरनंतर हिजाब घालून भुयारी रेल्वेनं जाणं सोडून दिलेल्या एका आत्याची गोष्ट आहे. राजकारणात आलास तरी मुसलमान आहेस हे सगळ्यांना सांगत बसायची गरज नाही, असा प्रेमळ सल्ला देणाऱ्या काकांची गोष्ट आहे. आणि मग एक कबुली. मला वाटायचं, मी नीट वागलो, जपून बोललो, तर लोक मला माझ्या धर्मापलीकडे पाहतील. ते माझं चुकलं, आता मी आडोशाला राहणार नाही.

मग विरोधकांनी त्या आत्याचा शोध सुरू केला. सख्खी आत्या तर अशी नाहीच, म्हणून गहजब झाला. ममदानींनी सांगितलं, ती वडिलांची चुलत बहीण, आम्ही तिला झेहरा फुही म्हणत असू, काही वर्षांपूर्वी वारली. इंग्रजांच्या भाषेत वडिलांची चुलत बहीण आत्या होत नाही, त्याला बिचारा उमेदवार काय करणार! आमच्या मोहल्ल्यात तर वडिलांबरोबर शाळेत असणारीही फुफीच, आणि गुरुजींच्या घरी ती आत्याच. ४ नोव्हेंबरला ममदानी निवडून आले. १ जानेवारी २०२६ला त्यांनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. ते महापौर म्हणून कसे ठरतात, ते न्यूयॉर्कचे लोक पाहतील. कचरा उचलला गेला नाही तर त्यांना खुशाल धारेवर धरावं.

आता वाचनालय. अण्णांचा प्रश्न मी मनात पुष्कळदा उलगडून पाहिला आहे. तो वाईट प्रश्न नव्हता. तो पदाच्या कामाविषयी होता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तरही होतं. दसऱ्याला आमच्या ग्रंथपाल बाई पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात. लहानपणी शाळेत मीही काढत असे, आणि माझी चांगली यायची. ती पाटी मांडायला, पुस्तकं पुसायला, दिवा लावायला मला काहीही अडचण नाही. पण पूजा मी करत नाही. ती उपाध्यक्षांनी करावी, मी शेजारी उभा राहीन. हे एवढंच सांगायचं होतं. सभेनं ते मानलं असतं किंवा नसतं.

पण 'नावाचेच' म्हणून टाळ्या पडल्यावर ते सांगायची सोय राहिली नाही. नावाच्याच मुसलमानाला पूजेची अडचण कशी असेल? म्हणून चार वर्षं मी काय केलं ऐका. पहिल्या दसऱ्याला माझी कंबर धरली. दुसऱ्या वर्षी एसटी चुकली. तिसऱ्या वर्षी पाहुणे आले. गेल्या दसऱ्याला मी सभागृहाच्या दाराशी चपला नीट लावत बसलो, पूजा आटोपेपर्यंत. साठ वर्षांच्या उंबरठ्यावरचा माणूस चपला लावतोय, आणि आत उपाध्यक्ष विचारताहेत, भाई कुठं गेले? पत्नीला हे कळलं तेव्हा ती हसली नाही.

गुरुजींशी याबद्दल मी कधी बोललो नाही. त्यांनी मैत्रीपोटी जे केलं, त्यावर बोट ठेवायला जीभ रेटली नाही. तसं पाहिलं तर चूक त्यांची कमी आणि माझी जास्त. ते उभे राहिले होते, मी बसून होतो. पण रेडिओ ऐकायची त्यांची सवय जुनी आहे, आणि आज माझं भाषण आहे हे त्यांनी दहा जणांना सांगितलं असणार.

तेव्हा गुरुजी, ऐकत असाल तर सांगतो. अण्णांनाही कळवा. यंदा दसऱ्याला मी वेळेवर येईन. पाटीवरची सरस्वती बाईंनी काढू दिली तर मी काढेन. पूजा उपाध्यक्ष करतील, मी शेजारी उभा राहीन आणि नंतर सगळ्यांना सोनं वाटीन. कंबर माझी ठीक आहे. ती पहिल्या वर्षीही ठीकच होती.